भिंगरी पास झाली त्याची हकीगत

दि. ३ फेब्रुवारी, दुपार

चि. बयो,

आशीर्वाद. मी बरा आहे, तुझी भिंगरी बरी आहे, माझा गुडघा होता तसाच आहे. तू प्रयोगशाळेच्या ट्रेनिंगला गेल्यापासून घरात काही मोडलं-फुटलेलं नाही. फोनवर मी ओरडतो म्हणून तू म्हणालीस, "बाबा, काय ते लिहून कळवा, लिहिताना तरी आवाज चढणार नाही." बरं, लिहितो. पण आवाज चढलेलाच आहे असं समजून वाच.

आपल्या भिंगरीला त्या संशोधन केंद्राच्या लोकांनी काढून टाकलं.

कालच चिठ्ठी आली. "आपल्या पाल्याचे गुण निकषापेक्षा अधिक असल्यामुळे सदर संशोधनात समावेश करता येत नाही." तीन वेळा वाचली. चौथ्यांदा वाचली तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांची पोर. कान तपासले, ठीक. डोकं तपासलं, ठीक. फक्त तोंडात वाक्य जुळत नाही. त्यांचं संशोधन अशाच मुलांवर चाललंय ना? अशा मुलांना आठवड्यातून तीनदा बोलायला शिकवायचं, सहा महिने, आणि फरक पडतो का ते मोजायचं. मग आमच्याच पोरीला का नाही?

गुडघ्याला पट्टा बांधून तडक केंद्रावर गेलो. दोन जिने. लिफ्टवर "बंद आहे" असा कागद, तोही जुना पिवळा झालेला. ती चष्मेवाली मुलगी, जिनं भिंगरीची परीक्षा घेतली, ती हसतमुखानं सामोरी आली.

"आजोबा, ही तर आनंदाची गोष्ट आहे. तिला आमची गरज नाही."

"गरज नाही? काल ती मला म्हणाली, 'आजोबा पाणी मी सांडलं कोण.' अर्थ सांगा मला."

"घरी मुलं कधी कधी अशी बोलतात. इथं तिनं सगळी चित्रं ओळखली, अवघड वाक्यंसुद्धा जशीच्या तशी म्हटली. आमची रेघ तिसावर आहे, तिला त्रेचाळीस मिळाले."

"म्हणजे कमी मिळाले असते तर घेतलं असतं?"

"हो."

"धन्य आहे. पास झालेल्याला बाहेर काढणारी शाळा मी जन्मात पहिल्यांदा बघतोय."

तिथं बाकावर बसलेली एक बाई हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात, देव जाणे. चष्मेवाली म्हणाली, यादी वीस तारखेला बंद होते, एक जागा अजून रिकामी आहे, पण नियमापुढं तिचा इलाज नाही. नियम! मी म्हणालो, नियम तुम्ही शिवून आणलाय का पोरीच्या मापाचा, का पोरगीच कापायची आता?

तर तू एक कर. त्यांच्या वरती एक मोठ्या बाई आहेत, त्यांना पत्र लिही. तू शिकलेली आहेस, तुझ्या अक्षराला वजन आहे. त्या मुलीला परीक्षा घेता येत नाही असं स्वच्छ लिही. मला लिहायचं म्हणजे पाचवी शिकलेल्या माणसाचं पत्र, कोण वाचतंय?

बाकी ठीक. भिंगरीचं बोट शाळेच्या दारात आलं होतं, नख जरा काळं पडलंय. काळजी करू नकोस. दूध पिते, अंडं खात नाही.

बाबा

*

दि. ११ फेब्रुवारी

चि. बयो,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं आणि मोठ्या बाईंना पाठवलेल्या तक्रारीची नक्कलही मिळाली. एवढं कडक कशाला लिहिलंस? "अक्षम", "बेजबाबदार", "चौकशी व्हावी". मी म्हटलं होतं लिही, फाडून खा असं कुठं म्हटलं होतं? त्या मुलीला आता रोज मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन उत्तरं द्यावी लागतात असं पहारेकरी सांगत होता. तिची नेमणूक कच्ची आहे म्हणे. हे मला आधी माहीत असतं तर... जाऊ दे.

आणि पत्राच्या शेवटी तू मला जे विचारलंयस, ते मला आवडलेलं नाही. "बाबा, रविवारी फोनवर मी भिंगरीला विचारलं, काय खाल्लंस, तर ती म्हणाली, पाऊस थांबल्यावर मुलांनी छत्र्या मिटल्या. मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. हे वाक्य तिला कुणी शिकवलं?" हे काय विचारणं झालं? पोलीस चौकीत बसवल्यासारखं? मुलं दहा ठिकाणी दहा गोष्टी ऐकतात. शाळेत ऐकलं असेल.

हे लिहून पेन खाली ठेवलं होतं. तासाभरानं पुन्हा उचललं.

शाळेत ऐकलेलं नाही.

नखाचंही मी तुला अर्धवटच कळवलं. त्या दिवशी शाळा सुटताना आणायला गेलो तर पोर वर्गाबाहेर भिंतीला टेकून उभी. बोट मुठीत धरलेलं. मुठीतून रक्त खाली आलेलं, फ्रॉकला पुसलेलं. मी वर्गबाईंवर तुटून पडलो. त्या म्हणाल्या, "अहो, ती रडत आली म्हणून मी विचारलं, काय झालं? तर म्हणते, मुलांनी छत्र्या मिटल्या. मी म्हटलं, नीट सांग. पुन्हा छत्र्या. सगळा वर्ग हसायला लागला. मला वाटलं थट्टा करतेय, म्हणून बाहेर उभं केलं." पाऊण तास, बयो. पाऊण तास ते बोट तसं होतं आणि तिला सांगता आलं नाही. मी त्या बाईंना नाही नाही ते बोललो. तुमचे डोळे काय गहाण टाकलेत का, असं म्हणालो. मुख्याध्यापक मधे पडले म्हणून बरं, नाहीतर मी आणखी बोललो असतो. नख डॉक्टरांनी काढलं. नवं येईल म्हणाले.

आता तू विचारशील, छत्र्या का?

तर ऐक. सराव घेतला मी तिचा. थोडा. त्यात चुकीचं काय, ते आधी मला सांग आणि मग राग धर.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं तोंडच उघडलं नव्हतं, आठवतं? नुसती माझ्या बुशकोटात नाक खुपसून बसली. चष्मेवाली म्हणाली, तीन आठवड्यांनी पुन्हा आणा. तोवर चित्रांची वही तिच्यासमोर पालथी-उलथी करून झाली होती आणि मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. माझी नजर अजून शाबूत आहे. शिडी, कासव, हातोडा, डबडं, चिमटा, सगळं मी पाहिलं. मग पुढचे आठ-दहा दिवस मी तिथल्या बाकावर जाऊन बसत होतो. तारीख विचारायला आलोय असं सांगायचं. आतलं दार नीट लागत नाही, फट राहते. इतर मुलांना जी वाक्यं म्हणायला सांगायचे ती बाहेर स्पष्ट ऐकू यायची. वीस वाक्यं. मी वहीत उतरवून घेतली, छत्र्यांचं त्यातलंच.

माझं आयुष्य कशात गेलं, हे तू विसरलीस का? पस्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल. परीक्षेचं मैदान मी झोपेत चालवून दाखवीन. पांढरा दगड दिसला की स्टिअरिंग दीड फेरा डावीकडे, खांब खांद्याशी आला की सरळ, आठचा आकडा पुरा. माझा एक उमेदवार नापास झाला नाही. पाचवी शिकलेल्या माणसाला लोक मास्तर म्हणायचे ते काय उगाच? मला परीक्षा म्हटली की एकच कळतं. समोरच्याला तिच्यातून पार करायचं. नापास झालेल्या पोरीला ते लोक कुठल्या तरी मंद मुलांच्या वर्गात टाकतील, कपाळावर शिक्का बसेल, अशी माझी पाचावर धारण बसली होती. मला काय ठाऊक की इथं नापास झालेल्याला आत घेतात? कुणी सांगितलं होतं मला? तू सांगितलं होतंस? कागदावर असेल, पण तो कागद इंग्रजीत होता आणि तू घाईत सही करून गाडी पकडायला पळालीस!

आता माझ्यावर चिडण्याआधी पाणी पी.

बाबा

*

दि. १६ फेब्रुवारी

चि. बयो,

तू उत्तर पाठवलं नाहीस. बरोबर केलंस. पण हे पत्र फाडायच्या आधी पूर्ण वाच, कारण ह्याच लिफाफ्यात केंद्राचे कागद आहेत आणि त्यातला एक कागद तू ह्या पत्राच्या आधी वाचावास असं मला वाटत नाही. तो शेवटी ठेवलाय.

बारा तारखेला मी वही घेऊन केंद्रावर गेलो. चष्मेवालीच्या टेबलावर आपटली. मला वाटलं होतं हळूच ठेवू, पण आवाज झाला. तिनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं. शिडी, कासव, हातोडा. मग वाक्यं. माझं अक्षर, तुला माहीतच आहे, कोंबडीचे पाय.

"हे काय आहे?"

"तुमची परीक्षा."

तिनं चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाली, आणि एवढ्या हळू आवाजात की मला पुढं वाकून ऐकावं लागलं, "आजोबा, गेला आठवडाभर मी झोपलेले नाही. माझी चूक कुठं झाली हे शोधतेय. तिच्या परीक्षेची टेप मी अकरा वेळा ऐकली. मोठ्या बाईंनी माझ्याकडून सगळ्या मुलांचे गुण पुन्हा तपासून घेतले. एकवीस मुलं."

"म्हणून तर आलो."

"आठवड्यानं आलात."

ह्यावर मी चिडलो. म्हणालो, दाराला फट ठेवायची आणि मग चोर म्हणायचं? लिफ्ट नाही दुरुस्त होत, दार नाही लागत, आणि संशोधन करताय! तीही मग उठली. "ओरडा तुम्ही, तुम्हाला तेवढंच येतं! पण मला एक सांगा, घोकून म्हटलेलं वाक्य तिला कळलं होतं का? एकदा तरी विचारलंत का तिला, छत्री मिटणं म्हणजे काय?"

विचारलं नव्हतं. मैदानावर पास करून दिलेला एक बँकेतला कारकून आठव्या दिवशी परत आला होता माझ्याकडं. दिवा फुटलेला, बंपर लोंबतोय. म्हणाला, "मास्तर, रस्त्यावर पांढरा दगडच नव्हता." आम्ही सगळे स्कूलमध्ये पोट धरधरून हसलो होतो. मीच जास्त.

आणखी एक खोटं होतं, तेही त्या दिवशी सांगून टाकलं. त्यांच्या फॉर्मवर विचारलं होतं, घरात कुणी उशिरा बोलायला लागलेलं आहे का? मी "नाही" असं लिहून दिलं होतं. बयो, मी पाच वर्षांचा होईस्तोवर बोललो नव्हतो. गल्लीत मला मुका म्हणायचे. शाळेतूनही पाचवीत काढलं ते अभ्यासासाठी नाही, तोंडी परीक्षेत उभा राहायचो आणि शब्द यायचे नाहीत म्हणून. तुझ्या आईलासुद्धा हे ठाऊक नव्हतं. चष्मेवालीनं ते लिहून घेतलं आणि म्हणाली, "हे फार महत्त्वाचं होतं, आजोबा. हे पहिल्याच दिवशी हवं होतं आम्हाला." माझ्यापासून आलंय की काय ते, हे विचारायचं धाडस झालं नाही. तिनंही आपणहून सांगितलं नाही. चांगली मुलगी आहे ती. तुझी तक्रार तू मागं घे, आणि कुणाच्या सांगण्यावरून केली होतीस ते सरळ लिही.

मग मोठ्या बाई आल्या. त्यांनी आधीचे गुण रद्द केले. जुनी चित्रं-वाक्यं आता ह्या पोरीला चालणार नाहीत म्हणाल्या. मी इमारतीतसुद्धा नसताना दोन नव्या चाचण्या घ्यायच्या, आणि तिसरी गोष्ट म्हणजे गप्पा. वीस मिनिटं चष्मेवाली तिच्याशी साध्या गप्पा मारणार, टेप चालू, आणि ती जे बोलेल ते अक्षर न बदलता उतरवणार. ह्या गप्पांना घरातलं माणूस जवळ लागतं, नाहीतर पोर गप्प बसते. म्हणून मी. अट एकच. मी तोंडातून ब्र काढायचा नाही.

काल ते झालं. बुटकी टेबलं, बुटक्या खुर्च्या, माझे गुडघे छातीशी. चष्मेवालीनं तिला खडू दिले. थोडा वेळ नुसतं रंगवणं. मग विचारलं, "बोटाला काय झालं गं तुझ्या?"

भिंगरीनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीकडं पाहिलं.

"दार," ती म्हणाली. मग कितीतरी वेळ काही नाही. मला राहवेना. तुला खोटं वाटेल, पण मी स्वतःची जीभ दातात धरून बसलो. एरवी हे वाक्य मीच पुरं केलं असतं. तिला दोन वर्षं मी एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

"ती ढकल. माझं बोट आत. दार बंद."

"अगंबाई! मग?"

"रड आलं. बाई काय झालं, काय झालं. मी छत्री म्हणलं. सगळे हस. बाई बाहेर उभी मला."

"छत्री का म्हणालीस गं?"

ह्या वेळी तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खडू टेबलावर घासत राहिली.

"आजोबा पट्टी. छत्री म्हण. मी नाही येत. पट्टी. छत्री म्हणलं मग पट्टी नाही."

चष्मेवालीची पेन्सिल थांबली नाही. तिनं सगळं लिहिलं. नंतर भिंगरीला बाहेर पहारेकऱ्याजवळ बसवून मला विचारलं, "आजोबा, हे खरं?"

तू मला ओळखतेस. मी काय म्हणू शकलो असतो ते तुला माहीत आहे. पोर काहीतरी बरळते, तिला वाक्य जुळवता येत नाही म्हणून तर इथं आणलंय, तिच्या बोलण्याचा काय भरवसा. हे सगळं ओठांवर आलं होतं. चाललंही असतं कदाचित.

"खरं," मी म्हणालो.

टेबलावरची लाकडी पट्टी. तुझ्या शाळेतली. हातावर, उजव्या. रोज संध्याकाळी दूध प्यायच्या आधी, एक चूक एक पट्टी. फार जोरात नाही, असं मी तिथं म्हणायला गेलो, तर चष्मेवालीनं नुसतं पाहिलं, तेव्हा ते वाक्य मी गिळलं. इथंही लिहीत नाही. सतरा-अठरा दिवस चाललं. तुला पत्रात "थोडा सराव" लिहिलं ते हे. मला दुसऱ्याचा राग येत होता, वर्गबाईंचा, ह्या मुलीचा, तुझासुद्धा, तू तिला टाकून गेलीस असं रोज मनात म्हणायचो. बोट चेचलं तेव्हा पोरीला वाटलं असणार की कुणीतरी मोठं माणूस आवाज चढवून विचारतंय, म्हणजे छत्र्या म्हणायच्या, मग मार थांबतो. एवढं मी तिला शिकवलं. तेवढंच शिकवलं.

आता कागदांचं. तिन्ही चाचण्या मिळून ती रेघेच्या खूप खाली आली. अठरा. मोठ्या बाई म्हणाल्या, जागा तिची आहे, पण आईची सही लागेल, आणि वीस तारखेच्या आत कागद त्यांच्या हातात पडायला हवा. कुरिअरनं पाठव, साध्या टपालावर विसंबू नकोस. जिथं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली केलीये. सोबत गप्पांचा उतारा आहे. आईला तो पाठवावाच लागतो म्हणे, आणि मी नको म्हटलंही नाही. त्यात ती कशी थांबली, किती सेकंद थांबली, तेही लिहिलंय. मी कुठं खाकरलो तेसुद्धा.

फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक रकाना आहे. घरी रोज पंधरा मिनिटं मुलीशी बोलत बसणाऱ्या व्यक्तीचं नाव. केंद्र त्या माणसालाही शिकवणार, कसं थांबायचं, कसं ऐकायचं. मी चष्मेवालीला म्हणालो, माझं घाला. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "तिची आई ठरवेल," म्हणाली. म्हणून तो रकाना कोरा पाठवतोय. माझं नाव लिही, शेजारणीचं लिही, नाहीतर ट्रेनिंग सोडून ये आणि स्वतःचं लिही. मी भांडायला येणार नाही. पण सही कर. माझ्यावरचा राग तिच्या जागेवर काढू नकोस.

तुझा बाप,
ज्याच्याविषयी सोबतच्या कागदावर लिहिलंय ते सगळं खरं आहे.